गळती शून्य

निवृत्तीनंतर मी परीक्षक झालो, असं सांगितलं की पालघरमधले शेजारी अदबीने विचारतात, "कोणत्या विषयाचे?" मी म्हणतो, "पंपाचे." अदब तिथेच संपते. एकदा एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सौजन्य म्हणून पुढे विचारलं, "म्हणजे पंप पास होतो की माणूस?" मी हसून वेळ मारून नेली होती. गेल्या वर्षी बोईसरला जे घडलं, त्यानंतर तो प्रश्न वाटला तितका साधा नाही, असं माझं मत झालं आहे.

आधी धंद्याची ओळख करून देतो. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत मी बत्तीस वर्षं देखभाल विभागात काढली. त्यातली शेवटची बारा शिकाऊ उमेदवारांचा प्रमुख म्हणून. शिकाऊ उमेदवार म्हणजे आयटीआय करून आलेली मुलंमुली. त्यांनी कारखान्यात ठरावीक काळ काम करत शिकायचं, कारखान्याने त्यांना विद्यावेतन द्यायचं आणि शेवटी परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळायचं. शिकल्याचा पुरावा म्हणून रोज एक वही लिहायची: आज काय केलं, कोणती हत्यारं वापरली, काय शिकलो. त्या वहीवर आठवड्याला माझी सही.

कल्पना उत्तम आहे. मी आजही तिच्या बाजूने आहे. फक्त वह्या वाचू नयेत.

एका पावसाळ्यात वसाहतीत पाणी भरलं आणि कारखाना दोन दिवस बंद होता. मी स्वतः घरी भजी खात होतो. त्या दोन दिवसांच्या पानावर तेवीस वह्यांत लिहिलेलं होतं, "आज गिअरबॉक्स उघडून साफ केला." तेवीस जणांनी मिळून एक गिअरबॉक्स, तोही पाण्याखाली. चौकशी केल्यावर कळलं की मजकूर आधीच्या तुकडीच्या वहीतून उतरवला होता, त्यांनी तो त्यांच्या आधीच्यांकडून घेतला होता, आणि मूळ गिअरबॉक्स मी कारखान्यात लागण्यापूर्वीच भंगारात गेला होता. मी तेवीस सह्या केल्या. मुलं कामाला चांगली होती आणि त्यांनी वहीसाठी अडू नये, असं मला वाटलं. आता वाटतं, मला सह्या करण्याची सवय झाली होती, एवढंच.

निवृत्त झाल्यावर मला दुसऱ्या एका योजनेत परीक्षक म्हणून घेतलं. ती अशी: देशात लाखो माणसं काम शिकली आहेत, पण शाळेत नाही. त्यांच्या हाताला कला आहे, हातात कागद नाही. तर परीक्षकाने त्यांच्या कामाच्या जागी जायचं, त्यांना काम करताना बघायचं आणि येतं की नाही ते लिहून द्यायचं. थोडक्यात, पोहणाऱ्याला पाण्यात बघून "पोहतो" असा दाखला देणं. बारा वर्षं खोट्या वह्यांवर सह्या केल्यावर हे काम मला फार आवडलं. मी मनाशी ठरवलं होतं की इथे जे दिसेल तेच लिहायचं. माणूस म्हातारपणी प्रामाणिक झाला की आसपासच्या लोकांनी जरा जपून राहावं.

गेल्या वर्षी वसाहतीतल्या एका कारखान्याने फर्मान काढलं: पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून ठेकेदाराच्या ज्या माणसाकडे कौशल्याचं प्रमाणपत्र नसेल, त्याला गेटपास मिळणार नाही. अकरा माणसांची परीक्षा घ्यायला मी गेलो. बरोबर संस्थेची समन्वयक कोमल होती. टॅबलेट, तो उभा करायची तिपाई, बोटांचे ठसे घेणारं यंत्र आणि कोणावरही न चिडण्याची शक्ती, एवढा सरंजाम ती एकटी सांभाळते.

परीक्षेआधी उद्घाटन होतं. काम करणाऱ्या माणसाला काम करताना बघण्याचं उद्घाटन कसं करतात, हा प्रश्न मला एकट्यालाच पडला असावा. मांडव होता, फलक होता, प्रमुख पाहुणे होते. पंपहाऊसच्या दाराला लाल फीत बांधली होती. पाहुण्यांनी कात्री चालवली. कात्री नवी होती, चकचकीत होती आणि बोथट होती. फीत दुमडली, कापली गेली नाही. फोटोवाला "सर, पुन्हा एकदा" म्हणत राहिला. तिसऱ्या खेपेला परीक्षार्थींच्या रांगेतून एक माणूस पुढे आला, खिशातून लाकडी मुठीची छोटी सुरी काढून पाहुण्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "हळू सायेब, धार हाय." फीत कापली गेली. टाळ्या पाहुण्यांना मिळाल्या.

तो माणूस म्हणजे जनार्दन तांडेल, राहणार मुरबे. सगळे त्याला जनूभाऊ म्हणतात. वय चोपन्न. जन्म कोळ्याच्या घरचा, तिशीपर्यंत समुद्रावर, मग गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून होडी भावाकडे देऊन कारखान्यात आला. तेव्हापासून पाच ठेकेदार बदलले, गणवेशाचे रंग बदलले, जनूभाऊ त्याच पंपहाऊसमध्ये राहिला. ती सुरी त्याची पॅकिंग कापायची होती.

पॅकिंग म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पंपाच्या आत पाणी असतं आणि फिरणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, त्या पाण्यातून बाहेर येतो. जिथून तो बाहेर येतो तिथून पाणीही येणार. ते अडवायला शाफ्टभोवती ग्राफाइट लावलेल्या दोरीची कडी एकामागे एक बसवतात आणि वरून ग्लँड नावाचं झाकण दोन नटांनी आवळतात. आता गंमत अशी की हे पाणी पूर्ण अडवायचं नसतं. थेंब थेंब येऊ द्यायचं असतं. त्या थेंबांनीच दोरी आणि शाफ्ट थंड राहतात. ग्लँड अगदी कोरडा केला तर दोरी जळते आणि शाफ्टवर चरे पडतात. टपकणारा ग्लँड बघून नवखा माणूस पाना शोधतो आणि जाणता माणूस खुर्ची.

परीक्षा सुरू झाली. आधी रामसेवक नावाचा बिहारकडचा फिटर होता. त्याने पॅकिंग बदललं, नट आवळले, पंप चालू केला. एक थेंब नाही. कोमलने व्हिडिओ घेतला, मी खुणा केल्या. कॅमेरा बंद होताच रामसेवक माझ्याकडे वळला.

"सर, पास हो गया ना?"

"हो गया."

"तो अब ढीला कर दूँ? जल जाएगा." आणि त्याने दोन्ही नट पाव पाव फेरा सैल केले. थेंब सुरू झाला. मग तो मला समजावत म्हणाला, "इम्तिहान का पंप अलग होता है, सर. काम का पंप अलग."

मग जनूभाऊ आला. त्याचं काम बघणं हा आनंद होता. जुनी कडी आकड्याने ओढून काढली, ती जिथे बसतात ती पेटी पुसली. नवी कडी शाफ्टच्या मापाने तिरकी कापली, सांध्यावर सांधा येऊ नये म्हणून प्रत्येक कडं थोडं फिरवून बसवलं. नट बोटांनीच आवळले, मग पान्याने, एकदा हा, एकदा तो. पंप चालू केला. मग त्याने ग्लँडखाली उजव्या हाताचं पहिलं बोट धरलं आणि ओठ हलवत थेंब मोजले. पाना खाली ठेवला.

"झाला."

थेंब शांतपणे पडत होते. मी टॅबलेटकडे पाहिलं. यादीतला चौदावा मुद्दा होता: "चाचणीच्या वेळी गळती शून्य." पुढे हो आणि नाही, आणि एक लाल तारा. लाल तारा म्हणजे अनिवार्य. बाकी सगळं आलं आणि हे चुकलं, तरी नापास.

कोमल हळूच म्हणाली, "सर, पाणी पडतंय. व्हिडिओत दिसतंय."

मी जनूभाऊला म्हटलं, "जरा आवळा. दोन मिनिटं. व्हिडिओ झाला की सैल करा."

"का?"

"कागदावर तसं लिहिलंय. गळती नको."

"कागदवाल्याला सांगा, शाफ्ट जलंल."

"दोन मिनिटांत नाही जळणार."

"सायेब, आमच्यात होडी सुटायच्या आधी तांडेल, म्हंजे होडीचा म्होरक्या, पान्यातल्या पंख्याच्या शाफ्टाखाली बोट धरतो. थेंब नाय पडला तर होडी सुटत नाय. माज्या भावानं एकदा आवळला होता. इंजनाच्या खोलीत पानी नको म्हनून. भर दर्यात शाफ्ट जाम झाला, दोन दिवस वाऱ्यावर होतो आमी. तवापासून मी कोरडा ग्लँड सोडला नाय. दोन मिन्टं पन नाय."

मागून रामसेवक कळवळून म्हणाला, "चाचा, आवळून टाका ना. सब करते हैं."

"तू केलास ना? मग सगल्यांचा झाला," जनूभाऊ म्हणाला.

मी काय करायला हवं होतं, हे वाचकांना कळलंच असेल. मी "हो"वर बोट ठेवून मोकळा झालो असतो तर कोणाचं काही बिघडलं नसतं. तेवीस गिअरबॉक्सांवर सह्या करणाऱ्या माणसाला एवढं जड नव्हतं. पण जे दिसेल तेच लिहायचं, असं मी ठरवलेलं होतं. दिसत होता थेंब. मी "नाही" लिहिलं. संध्याकाळी निकाल वर पाठवला गेला. अकरापैकी दहा पास.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे, जी मी त्या दिवशी कोणालाच सांगितली नाही. तो चौदावा मुद्दा वाचताना वाक्य ओळखीचं वाटलं होतं. वाटणारच. ते मी लिहिलं होतं.

निवृत्तीच्या वर्षी पुण्यातल्या एका हॉटेलात या परीक्षेचे निकष ठरवायला समिती बसली होती. तिच्यात मी "उद्योगातील अनुभवी" या सदरात होतो. पुष्पगुच्छ, शाल, नारळ आणि माझं नाव चुकीचं छापलेली पाटी. मी दोन वेगळे मुद्दे मांडले होते. आम्लाच्या पंपाला वेगळं सील असतं, तिथे गळती शून्यच हवी, नाहीतर माणसं भाजतील. पाण्याच्या पंपाला थेंब हवा. अध्यक्ष म्हणाले, यादी एका पानात बसली पाहिजे, एक मुद्दा कमी करा. जेवण लागलं होतं. मी दोन्ही मुद्दे जोडून एक केला आणि सुरक्षेच्या बाजूने झुकलेलं बरं, म्हणून "गळती शून्य" ठेवलं. अध्यक्षांनी सुटसुटीतपणाबद्दल माझं कौतुक केलं. जेवणात बासुंदी होती, तीही मला आठवते.

एक तारखेला जनूभाऊचा पास बंद झाला. ठेकेदाराने भलेपणाने सुचवलं की गेटवर पहारेकऱ्याचं काम बघ. चौकशी केली तर त्यालाही प्रमाणपत्र लागत होतं.

चार दिवसांनी मी मुरब्याला गेलो. घराच्या बाजूला बोंबील वाळत होते. जनूभाऊची बायको हिराबाई ते उलटत होती. मी नाव सांगितलं, तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तुमीच का आमच्या ह्यांना नापास केलं?"

"हो."

"कशात?"

"पंपात."

"बरा झाला. संसारात करायचं असतं तर माजी साक्ष लागली असती." मग आत हाक मारली, "ओ, तुमचे मास्तर आले. पाटी-पेन्सिल घेऊन या."

जनूभाऊ बाहेर आला. तो चिडलेला नव्हता, हे मला जास्त लागलं. भावाच्या होडीच्या जाळ्याला गाठी मारत बसला होता. चहा झाला. तो म्हणाला, "पुन्ना परीक्षा देता येते म्हनतात, सा महिन्यांनी. तोवर दुसरा मानूस लागेल माज्या जागी. लागला की लागला. चोपन्न वरसाच्या मानसाला पुन्ना कोन घेतो?"

"म्हनून विचारतेय मी," हिराबाई म्हणाली, "दोन मिन्टं आवळला असता तर काय झालं असतं? लगीन झाल्यापासून मला बोलतात, हट्टी हाय म्हनून."

"तुमचं बरोबर होतं," मी जनूभाऊला म्हटलं. "कागद चुकीचा आहे."

"कोनी लिवला?"

मी बासुंदी वगळून सगळं सांगितलं. तो हातातली गाठ अर्धी सोडून माझ्याकडे वळला.

"तुमाला ठावं होतं, थेंब लागतो?"

"होतं."

"आनि तरी लिवलं."

"हो."

"मग तुमीच खोडा," तो म्हणाला आणि पुन्हा गाठी मारायला लागला. जणू खडूने लिहिलेलं होतं आणि फडकं माझ्या खिशात होतं.

परतताना मी कोमलला फोन केला. समितीने केलेला मुद्दा पुसायचा कसा? ती म्हणाली, "सर, टॅबलेटमध्ये एक बटण आहे. 'मुद्दा सदोष'. परीक्षकाने निकालानंतर महिन्याभरात दाबलं तर तो मुद्दा वगळून निकाल पुन्हा लावतात. पण कोणी दाबत नाही."

"का?"

"कारण नावानिशी लेखी द्यावं लागतं. आणि चौकशी होईपर्यंत परीक्षकाचं नाव यादीतून काढतात. नंतर त्याला उजळणी करून पुन्हा परीक्षा द्यावी लागते. प्रात्यक्षिकासकट."

"परीक्षकाला?"

"हो, सर."

ज्या कोणी हा नियम लिहिला, तो माझ्यासारखाच सुटसुटीत विचाराचा असणार. मी बटण दाबलं. कारणासाठी दिलेला चौकोन लहान होता. लिहिलं: "पाण्याच्या पंपाच्या ग्लँडला थेंब आवश्यक आहे. उमेदवाराने काम अचूक केले आहे. हा मुद्दा मी स्वतः लिहिला होता व तो चूक आहे." आजवर मी लिहिलेला हा सर्वात छोटा अहवाल, आणि वाचला गेलेला बहुधा एकमेव.

त्यानंतर काही आठवडे काहीच झालं नाही. मी रोज कोमलला विचारायचो, ती रोज न चिडता "अजून नाही" म्हणायची. ठेकेदाराने जनूभाऊच्या जागी वाणगावचा एक माणूस बघून ठेवला होता. तो रुजू व्हायच्या आदल्या सोमवारी निकाल आला. चौदावा मुद्दा वगळून जनार्दन तांडेल उत्तीर्ण. बाकी सगळ्या मुद्द्यांवर पूर्ण गुण. कोमलने प्रमाणपत्र छापून गेटवरच त्याच्या हातात दिलं. हिराबाईने ते प्लॅस्टिकमध्ये घालून देवाच्या फोटोशेजारी लावलं आणि मला निरोप पाठवला की आता यायला हरकत नाही, बोंबील देईन.

माझं नाव मात्र यादीतून गेलं. उजळणीच्या वर्गात माझ्या शेजारी मनोरचा एक तिशीचा परीक्षक बसायचा. तो मला "काका, तुम्ही कशात अडकलात?" असं हलक्या आवाजात विचारायचा, जणू आम्ही कोठडीत होतो.

प्रात्यक्षिक त्याच कारखान्यात, त्याच पंपहाऊसमध्ये लागलं. फीत नव्हती, पाहुणे नव्हते. परीक्षक म्हणून एका आयटीआयच्या निदेशिका, म्हणजे तिथे शिकवणाऱ्या बाई, आल्या होत्या. कोमल तिपाई लावत होती. टॅबलेटवर यादी अजून जुनीच होती, चौदाव्या मुद्द्यासकट. पंप ज्याच्या ताब्यात आहे तो माणूस परीक्षेच्या वेळी हजर लागतो, म्हणून जनूभाऊ भिंतीशी उभा होता. गळ्यात नवा पास. सुरी त्याने न मागता माझ्यासमोर ठेवली.

मी वीसेक वर्षांत हाताने पॅकिंग बदललं नव्हतं. बदलणाऱ्यांना बघितलं होतं, आणि दोन्ही एकच, असा माझा समज होता. पहिलं कडं आखूड कापलं गेलं. दुसरं कापलं. सांधे फिरवून बसवायचं लक्षात राहिलं, तेवढीच अब्रू. ग्लँड बसवला, पंप चालू केला. पाणी भळाभळा आलं. मी नट पाव फेरा आवळले. धार झाली. अजून पाव. थेंब झाले. निदेशिका टॅबलेटवर काहीतरी लिहीत होत्या. कॅमेऱ्याचा लाल दिवा माझ्याकडे बघत होता. माझा हात थांबला नाही. अजून थोडं. थेंब बंद. शाफ्ट कोरडा, लखलखीत फिरत होता आणि मला, खरं सांगतो, क्षणभर फार बरं वाटलं.

परीक्षेत मदत करायला मनाई आहे. जनूभाऊ भिंतीपासून दोन पावलं पुढे आला, वाकला आणि ग्लँडखाली उजव्या हाताचं पहिलं बोट धरून उभा राहिला. होडी सुटायची असावी, तसा. घाई नव्हती त्याला.

मी त्या कोरड्या बोटाकडे बघितलं. पाना उलटा फिरवला. एक नट पाव फेरा, मग दुसरा. काही झालं नाही. अजून थोडा सैल केला. ग्लँडच्या कडेला पाणी जमलं, फुगलं आणि सुटलं.

"एक," जनूभाऊ म्हणाला.